कापलेलं कुठी गेलं

"ह्या दोन आपरेशनातलं तुमी सोता कोणतं केलं हाय?" कनीजने विचारलं.

डॉक्टर सामंत म्हणाले, "पहिलं केलं आहे. दुसरं नाही."

चांद्याच्या त्या खाजगी दवाखान्यातल्या खुर्चीत कनीज मावत नव्हती, म्हणून तिला तपासणीच्या बाकावर बसवलं होतं. शेजारी तिचा नवरा गफ्फार उभा होता. दोघं मिळून बांगड्यांचा धंदा करत. अलीकडे तिचं पोट मांड्यांवर लोंबत होतं आणि घडीखालची कातडी सारखी चिघळत होती.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. पहिल्या प्रकारात लोंबणारी चरबी कातडीसकट कापून काढायची. चालणं सोपं होईल, चिघळणं थांबेल. पण चरबीत टाके लवकर धरत नाहीत, पू होतो, आणि खाणं तेच राहिलं तर अंग पुन्हा भरतं. दुसरा प्रकार अमेरिकेत नुकताच सुरू झाला होता. आतड्याचा बराचसा भाग वगळून पुढे जोडायचं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन भराभर उतरतं. पण जुलाब कायमचे मागे लागतात, अशक्तपणा येतो, आणि पुढे काय होतं ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.

हे दुसरं सांगताना डॉक्टरांच्या आवाजात उत्साह आला होता. कनीजने ते टिपलं.

"मंग माह्या पोटावर शिकाचं हाय तुमाले."

"मी तसं म्हटलं नाही, बाई," डॉक्टर म्हणाले, पण त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

 बैलगाडीतून घरी आल्यावर ती गफ्फारला म्हणाली, "तुमाले काऊन एवढी घाई हाय? माही लाज वाटते, असं सांगून टाका ना."

गफ्फार तिच्यासमोर येऊन बसला.

"मागच्या हप्त्यात तू न्हाणीत पडली," तो म्हणाला. "मले उचलता नाई आलं. तू रडून राह्यली होती, अन् मी तुह्यावर चादर टाकून गल्लीतल्या माणसायले हाका मारून राह्यलो होतो. उद्या मी घरी नसलो तं?"

तिला ते खरं वाटलं. पुरतं नाही.

"पह्यलंच करीन," ती म्हणाली. "आतड्याले हात लावू द्याचा नाई. तुमी दारापाशी बसाचं."

तो बसला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा पू झालाच. ताप चढला. जखम उघडून रोज धुवावी लागे, तेव्हा तिचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू जाई. अखेर एका सकाळी ताप उतरला. डोळे उघडून तिने पहिलं विचारलं, "माह्यातलं कापलं ते कुठी हाय?"

"पुरलं," गफ्फार म्हणाला. "आपल्याच अंगाचं होतं ना. कब्रस्तानात, लिंबाखाली."

"दवाखान्यावाल्यायनं देलं तुमाले? बरणीत भरून ठेवलं असन त्यायनं, लोकायले दाखवाले."

"अल्ला कसम, मीच नेलं."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आल्यावर ती हळूहळू चालू लागली. दंड, मान तशीच जाड होती; पण पुढचं ओझं गेलं होतं. एका दुपारी गफ्फार बाजाराला गेलेला पाहून ती कुणालाही न सांगता निघाली. वाटेत एका दुकानाच्या पायरीवर टेकली, पुन्हा उठली.

बायका कब्रस्तानात जात नसत. ती कुंपणाबाहेरच थांबली. कडुलिंबाखाली एक लहानसा उंचवटा होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून त्यावर धोंडे रचले होते आणि धोंड्यांवर बाभळीचे काटे. खालचे काटे वाळले होते, वरचे हिरवे होते, एक-दोन दिवसांपूर्वीच कुणीतरी तोडून टाकलेले.

कनीजने पदर डोक्यावर नीट घेतला आणि तिथेच उभ्याने दुव्यासाठी हात उचलले. काय मागावं, ते तिला लगेच सुचलं नाही.