तयफूर उस्ताजांच्या पायांची मेंदी

बतूलबाईंचे पत्र येऊन कितीतरी महिने झाले होते आणि तयफूर उस्ताजांनी त्याला उत्तर दिले नव्हते. पत्र त्यांना एव्हाना पाठ झाले होते. शेंदी गावच्या या सुईणबाईंनी ते स्वतःच्या हाताने लिहिले होते. अक्षर मोठे, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे चढत गेलेली.

"उस्ताज, मी विधवा, तुम्ही जन्माचे एकटे. गेल्या हिवाळ्यात सित्तनाच्या अंगणात तुम्ही आम्हाला पेपर वाचून दाखवलात आणि वाचता वाचता त्यातल्या चुका पेन्सिलीने सुधारत होतात, तेव्हापासून मनात आहे. माझं घर मोठं आहे, डोळे मात्र अधू झालेत. माझ्याशी लग्न कराल का? नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी रडत बसणार नाही. पण कळवा."

कळवायचे होते ते 'हो' असेच. उस्ताजांचे घोडे अडले होते ते उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी.

सुदानमधल्या ओम्दुरमान शहरातल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर मुद्रिते तपासली. अगदी उमेदीच्या दिवसांत शिशाच्या खिळ्यांनी भरलेली एक पेटी त्यांच्या पायावर पडली होती. नख गेले, काही महिन्यांनी परत आले, पण आले ते भलतेच. जाड, पिवळट, वळ्यावळ्यांचे, मेंढ्याच्या शिंगासारखे एका अंगाला वळलेले. दुखत मुळीच नव्हते. पण तेव्हापासून, सगळे गाव उघड्या चपलांत फिरत असताना, उस्ताज भर उन्हाळ्यात बुटांत आणि जाड मोज्यांत वावरले. मशिदीत नमाजालाही मोज्यांनिशी उभे राहिले. पाठीमागे लोक त्यांना 'मोजे उस्ताज' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होते.

आता लग्न म्हटले की नवरदेवाची मेंदी आली. चारचौघांत खाटेवर बसायचे, पाय उघडे करायचे, दोस्तांनी ते मांडीवर घेऊन तळव्यांपासून बोटांपर्यंत मेंदी थापायची, बायकांनी भोवती गाणी म्हणायची. वयाची सबब चालत नसे. हाजी बाबिकर दुसऱ्यांदा लग्नाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, तरी त्यांनाही कुणी सोडले नव्हते. गल्लीभर लोक आपल्या अंगठ्याकडे बघताहेत हे चित्र डोळ्यांपुढे आले की उस्ताजांची लेखणी थांबे. 'नाही' लिहायला मात्र ती उचलतच नसे.

शेवटी ते दवाखान्यात गेले. तिथल्या माणसाने पाय उलटसुलट करून पाहिला.

"मूळच चेपलंय. काढून टाकलं तरी पुन्हा असंच येणार. कोमट पाण्यात मीठ घालून भिजवत जा आणि कानशीनं हळूहळू घासा. ब्लेड लावू नका. दुखतं का?"

"नाही."

"मग काळजी कसली? कुणाला दाखवायला न्यायचंय का?"

उस्ताज कानस घेऊन घरी आले.

मग रोज दुपारी दार लावून घमेल्यात पाय सोडून बसायचे आणि घासायचे, हा त्यांचा उद्योग झाला. नख पातळ झाले, पण रंग आणि वळ्या तशाच राहिल्या. एके दुपारी ते असे बसले असताना मधल्या दाराची कडी निसटली आणि सित्तना भेंडीचे कालवण घेऊन आत आली. ती त्यांची धाकटी बहीण. शेजारीच राही आणि त्यांच्या खाण्यापिण्याचे बघे. तिने घमेल्यात वाकून पाहिले, ताट खाली ठेवले आणि खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"म्हणजे हे होय? भावा, मला वाटलं तुला बतूल पसंत नाही. मी तुझ्या नावानं बोटं मोडत होते."

"पसंत आहे गं."

"मग? अर्ध्या शेंदीची बाळंतपणं केलीत तिनं. ती काय या नखाला भिऊन पळणार आहे?"

"तिचं नाही म्हणत मी. मेंदीचं म्हणतोय. सगळ्यांच्या देखत—"

"मेंदी लावल्यावर नख दिसतं तरी का रे? काळंकुट्ट होतं सगळं. पुस्तकं वाचून वाचून एवढंही कळत नाही तुला."

"या नखावर रंग चढेल?"

"करून बघू की. इथं मी आणि तू. तिसऱ्याला पत्ता नाही."

सित्तनाचा मेंदीत हातखंडा होता. तिने काळी मेंदी कालवली, सुगंधी तेल घातले आणि भावाचे दोन्ही पाय मांडीवर ओढून घेतले. "गुदगुल्या होतात," असे उस्ताज म्हणाले, तेव्हा तिने पायावर चापट मारली. पाय फडक्यांत गुंडाळून ते खाटेवर पडून राहिले.

सकाळी फडकी सोडली. तळवे, बोटे, नखे, सगळे सारखे काळेभोर. बिघडलेले नख खरखरीत असल्यामुळे त्याने रंग सर्वांत जास्त पिऊन घेतला होता. दहा नखांत देखणे कोणते म्हणून विचारले असते, तर परक्या माणसाने त्याच्यावरच बोट ठेवले असते. उस्ताज पाय उन्हात धरून बराच वेळ बसले. मग दिवंगत मेहुण्याच्या चपला मागून घेतल्या आणि दुपारच्या नमाजाला निघाले. बोटांमधून वारा जात होता, गरम धूळ लागत होती, आणि त्यांना ते फार बरे वाटत होते.

मशिदीच्या नळावर त्यांनी चारचौघांच्या रांगेत बसून पाय धुतले आणि पहिल्या ओळीत जाऊन उभे राहिले. अंगठ्याकडे कुणीही पाहत नव्हते. जन्मभर मुद्रितातली चूक हुडकणाऱ्या माणसाला सबंध मजकूर काय सांगतो आहे याचे भान नव्हते.

नमाज झाल्यावर हाजी बाबिकर सरकत जवळ आले.

"मुबारक असो, उस्ताज."

"कशाबद्दल, हाजी?"

"घ्या. कशाबद्दल म्हणे." हाजींनी हनुवटीने त्यांचे पाय दाखवले. "आम्हाला न बोलावता मेंदी उरकलीत. माझ्या वेळी तुम्ही दोन ताटं जेवून गेला होतात, विसरलात?"

उस्ताजांनी खाली पाहिले. काळे पाय नवरदेवाचे असतात हे ओम्दुरमानातल्या शेंबड्या पोरालाही कळते. त्यांनाही कळत होतेच. फक्त काल दुपारपासून त्यांच्या लेखी पाय म्हणजे तेवढे एक नख होते.

लोक गोळा झाले. कुणी खांदा दाबला, कुणी पाठ थोपटली.

"पोरगी कुठली, उस्ताज?"

"मोजे टाकायला लावले म्हणजे बाई खंबीर आहे."

"तसं काही नाही," उस्ताज म्हणाले. "म्हणजे आहे. पण अजून... अजून तिला कळवायचं आहे."

"मेंदी लावून झाल्यावर?" हाजी बाबिकर म्हणाले. "पुस्तकवाल्यांचं सगळंच उलटं."

एवढ्यात कंबाल पुढे आला. तो कापडाचा व्यापारी. माल घेऊन गावोगाव फिरे.

"उद्या दुपारी ट्रक घेऊन शेंदीला चाललोय. तिथं तुम्हाला ओळखणारे आहेत, सांगतो सगळ्यांना. सुईण बतूलबाईंना तर आधी सांगतो. दर खेपेला विचारतात, उस्ताज बरे आहेत ना म्हणून. ऐकून खूश होतील."

उस्ताजांना पुढचे सगळे दिसले. ज्या बाईच्या पत्राला आपण इतके महिने उत्तर दिले नाही, तिला कंबालच्या तोंडून कळणार की तयफूर उस्ताज लग्न करताहेत, मेंदीसुद्धा झाली. मग ती हसतमुखाने त्याला चहा देईल, आणि त्यानंतर कोणतेही पत्र तिच्या उपयोगाचे राहणार नाही. कंबालला अडवावे, तर सगळ्या मशिदीपुढे तिचे नाव घ्यावे लागणार. तिच्या परवानगीशिवाय ते कसे घ्यायचे?

ते घाईघाईने घरी आले. सित्तना अंगणात त्यांचे सगळे मोजे धूत होती.

"टपालगाडी आज आहे का गं?"

"बहरीच्या स्टेशनावरनं संध्याकाळी सुटते. सकाळी शेंदीत टपाल वाटतात. का रे?"

"कंबाल उद्या दुपारी निघतोय."

सित्तनाने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे आणि एकदा पायांकडे पाहिले. "मग उभा काय राहिलास?"

नदीपलीकडे बहरीला जाणाऱ्या बसमध्ये बाजूच्या बाईने त्यांचे पाय पाहून त्यांना खिडकीची जागा दिली. ते स्टेशनावर पोचले तेव्हा गाडी उभी होती. टपालखिडकीच्या फळीवर कोपर टेकवून त्यांनी लिहायला घेतले. घरी उत्तराचे किती मसुदे त्यांनी केले होते आणि खोडले होते. आज खोडायला सवड नव्हती.

"बतूलबाई, हो. इतका उशीर केला त्याची क्षमा असावी. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख जुन्या दुखापतीनं बिघडलेलं आहे, त्याची मला लाज वाटत होती. दुसरं कारण नाही. सध्या ते मेंदीखाली आहे, पण मेंदी उतरल्यावर दिसेल, हे तुम्हाला आधी माहीत असावं. उद्या कंबाल तुम्हाला सांगेल की माझं लग्न ठरलं. कुणाशी ते त्याला ठाऊक नाही. ते पहिल्यांदा तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. तुमचं मन बदललं असेल तर खुशाल नाही म्हणा. मी मात्र थोडासा रडेन. तयफूर."

एका शब्दावर नुक्ता, अक्षरावरचा ठिपका, राहिला होता. त्यांना तो दिसला. तरी त्यांनी पाकीट चिकटवले.

खिडकीतल्या कारकुनाने बाहेर डोकावून त्यांच्या पायांकडे पाहिले. "नवरीला का, काका?"

"तिचं उत्तर यायचंय," उस्ताज म्हणाले.

"मग आतल्या थैलीत नका टाकू. गाडीच्याच पेटीत टाका, ती शेंदीला आधी उघडते."

गाडीने शिट्टी दिली. मेहुण्याच्या चपला पायांतून निसटत होत्या. त्या हातात घेऊन तयफूर उस्ताज फलाटावरून अनवाणी धावले, टपालाच्या डब्याशी पोचले आणि पत्र त्यांनी पेटीत टाकले.