मोठ्या बाईंचं घड्याळ

"आई, ह्यात सगळे एकाच खोलीत बसून राह्यलेत. कुणी बाहेर जातच न्हाई का?" माझी सून वंदना मोबाइल माझ्यापुढं धरून विचारत होती. काळा-पांढरा, जुना सिनेमा.

"नाटकावरून काढलाय तो," मी म्हणाले. "शेवटी गुप्तहेर दार लावून घेतो, एकेकाच्या डोळ्यांत बघत फिरतो. जो मान खाली घालतो, तो चोर."

"घ्या! सांगून टाकलं. आता काय मजा राह्यली?"

मी पुढचा सिनेमा बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याहून अंबडची एसटी धरली.

पन्नास वर्षांपूर्वी मी अंबडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. तंबूतल्या टॉकीजला हाच सिनेमा लागला होता. मी तो तीनदा पाहिला. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांचं, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंचं, मनगटी घड्याळ हरवलं. मी हौसेनं पुढं झाले. सगळ्यांना ऑफिसात गोळा केलं, दार लावलं, हात पाठीमागं बांधले. सहा शिक्षिका खुर्च्यांवर बसल्या होत्या. झाडलोट करणारी गिरिजाबाई दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. शिक्षिका हसत माझ्याकडं बघत होत्या. मी समोर जाताच गिरिजाबाईनं मान खाली घातली.

खरं तर ती कुणासमोरच मान वर करत नसे. वर्गात निरोप आणला तरी फरशीकडं बघून सांगायची. तिच्या वस्तीतल्या बायकांना आमच्या आळीतून कधी मान वर करून चालू दिलं नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी म्हणाले, "हीच."

"तुम्ही तर पोलिसात जायला पाह्यजे होतं," कुणीतरी म्हणालं. मी फुलून गेले. महिनाअखेरीला तिला काढायचं ठरलं.

चौथ्या दिवशी मी घरी फडक्यात बांधून आणलेला चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा सोडला. फडक्याच्या घडीत घड्याळ होतं. पेपर त्यांच्या टेबलावर होते, ते उडू नयेत म्हणून मोठ्या बाईंनी घड्याळ वर ठेवलेलं. मी न बघता तसंच बांधून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर जाऊन मी ते त्यांच्या टेबलाच्या खणात सरकवलं.

"बघा, भिऊन वापस ठेवलं तिनं," मोठ्या बाई म्हणाल्या. मी मान डोलावली.

गिरिजाबाई गेली. पुढं ती लोकांच्या रानात खुरपायला, कापूस वेचायला जायची. तिचं घर मला माहीत होतं. जालन्याला बदली होईपर्यंत मी त्या गल्लीला वळसा घालून शाळेत जात राहिले.

आता तिच्या नातीनं, पायलनं, दार उघडलं. गिरिजाबाई पार वाळली होती, पण तिनं मला ओळखलं.

"बसा ना, बाई. उभ्या का?"

बसले. सगळं सांगितलं.

"मला माहीत हाय," शेवटी ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासूनच. टेबलाचे खण रोज मीच पुसायचे ना. घड्याळ गावलं त्या दिवशी सकाळी पुसले तवा ते खणात नव्हतं. घंटा द्यायला गेल्ते. वापस आले, तर तुम्ही ऑफिसातून निघून राह्यल्या व्हत्या."

"आजी, अन् तू कधी बोलली न्हाईस?" पायल ओरडली.

"कोण ऐकणार व्हतं? समद्यांना दार लावून बसवायला मी काय शिकलेली व्हते?" ती जराशी हसली. मग हसू गेलं. "वाटलं व्हतं, बाईच सांगतील. म्हैना संपेस्तोवर वाट बघितली."

पायलनं आतून चहा आणून माझ्या हातात बशी दिली आणि परत आत गेली. गिरिजाबाई खुर्चीत पुढं सरकली. मान वर करून ती सरळ माझ्याकडं बघत होती. घाई नव्हती, रागही नव्हता. नुसती बघत होती.

मी बशीतल्या चहावर धरणारी साय बघत राहिले.