थंड बल्बाचं गणित

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझा हात धरणारा आदिलाबादेत कुणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरत असे. आता कुणी ‘भार्गव सर’ म्हणून हाक मारली तरी मान वर करवत नाही.

जवळच्या मावला गावात माणिकरावांनी कोंबडीची पिल्लं पाळली होती. त्यांना ऊब मिळावी म्हणून शंभर वॅटचे चार जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब लावले होते. वायरिंग दीपमालानं केलेलं. ही माझीच जुनी विद्यार्थिनी, आयटीआय करून गावात विजेची कामं करायची. पंधरवड्यात दोनदा फ्यूज उडाला, तेव्हा माणिकरावांनी मला बोलावलं. मी मीटर घेऊन ऐटीत गेलो.

एक बल्ब काढून त्याला मीटर लावलं. रोध चाळीस ओहम. अंगणात सात-आठ जण जमले होते, आणि माणसं जमली की मला चेव येतो. भिंतीवर कोळशानं गणित मांडलं: दोनशे तीसचा वर्ग भागिले चाळीस, म्हणजे तेराशे वॅट. चार बल्बांचे पाच हजारांच्या वर.

“चारशे वॅट धरून बारीक वायर टाकलीस? घर पेटलं असतं यांचं,” मी दीपमालाला म्हणालो.

“सर, बल्ब थंडा हाय,” ती हळूच म्हणाली.

“थंड असो की गरम, ओहमचा नियम बदलत नाही. शाळेत लक्ष दिलं असतंस तर ही वेळ आली नसती.”

लोक हसले. मीही हसलो. ती पक्कड पिशवीत टाकून निघून गेली. त्यानंतर मावल्यात तिला कुणी कामाला बोलावेना.

महिन्याभरानं माणिकरावांचा फोन आला. दुसऱ्याकडून जाड वायर टाकून घेतली तरी फ्यूज उडालाच. खरं कारण वेगळंच निघालं, बल्बाच्या होल्डरमध्ये पाणी शिरत होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत तसलाच बल्ब पेटवून मोजलं. दोनशे तीस व्होल्ट, ०.४३ अँपिअर. भागाकार केला, रोध पाचशे पस्तीस ओहम. गुणाकार केला, नव्व्याण्णव वॅट. तार तापली की तिचा रोध कितीतरी पटींनी वाढतो, हे मी दरवर्षी शिकवतो. लाजेनं कान तापले.

तसाच तिच्या घरी गेलो. ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला निघाली होती.

“दीपमाला, माझं चुकलं. तुझं बरोबर होतं.”

“मले मालूम होतं, सर. दहावीत ओहमचा नियम लिवताना ‘तापमान स्थिर असताना’ एवढं माह्याकडून राहून गेलं होतं. तुमी बाकावर उभं करून पन्नास वेळा लिवाले लावलं. कशी इसरीन?”

“मग त्या दिवशी ठासून का सांगितलं नाहीस?”

“चार माणसं होती ना. तुमची इज्जत गेली असती.”

एवढं बोलून तिनं डोक्याला रुमाल बांधला. मला तिच्याकडे बघवेना.

तिथून माणिकरावांकडे गेलो. घराला नवा चुना लागला होता. फक्त भिंतीचा एक चौकोन सोडलेला, त्यात माझं गणित.

“सरांच्या हातचं हाय, म्हून पुसू नाई देलं,” ते कौतुकानं म्हणाले.

मी त्यांच्याकडे कोळसा मागितला, आणि त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांना बोलवायला सांगितलं.