भोंगा वाजल्यावर

"हात सोडायचा नाही, आई," लेकीने दारातून निघता निघता तिसऱ्यांदा सांगितलं.

मला सांगत होती! शाळेच्या बसवर उभ्याने जन्म काढलाय मी. दुसऱ्यांची पोरं चढवली, उतरवली, ओकली तर पुसली, झोपली तर कडेवर घेऊन दारापर्यंत पोचवली. एक पोर कधी इकडचं तिकडे झालं नाही. पण परदेशात लेकीकडे पाहुणं म्हणून गेलं की आईची अक्कल विमानतळावरच काढून घेतात, असं लेकींना वाटत असावं.

त्या देशाचा तो राष्ट्रीय दिवस. सगळीकडे सुट्टी, फक्त आमच्या घरात नाही. लेक इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, जावई ट्राम चालवणारे. सणाला रजा न मिळणारी दोन माणसं नेमकी एकमेकांच्या गळ्यात पडलेली. आणि त्यांची सहा वर्षांची ठकी आठवडाभर एकच धोशा लावून बसलेली, संचलन बघायचं. लेक तयार नव्हती. तुला भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, तिला घरीच ठेव, म्हणाली. मी म्हटलं, बँड बघायला भाषा कशाला लागते? शेवटी अट पडली: आज नीट नेऊन आणलंस, तर तू आहेस तोवर ठकीचं पाळणाघर बंद. नाहीतर शाळा सुटल्यावर ती तिकडे आणि मी इकडे भिंतींशी बोलत. म्हणजे माझ्यासाठी ती परीक्षाच होती.

चौकात पोचलो. एवढी माणसं, आणि आवाज मात्र बेताचा. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. आपल्याकडच्या गर्दीत माणूस निदान धक्क्याने जागा राहतो. इथे सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन, मुलांच्या गालांवर झेंडा रंगवून शिस्तीत बसलेले. मी ठकीचा हात असा आवळला होता की ती दोनदा म्हणाली, "आजी, बोटं दुखतात." दुखू देत म्हटलं. आमच्या शेजारी छातीवर पदकं लावलेले एक म्हातारे गृहस्थ काठीवर टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. तेवढीच आमची ओळख.

बँड जवळ आला. मागून चौघांनी चार टोकं धरून आणलेला मोठा झेंडा. भोवतालच्या पुरुषांनी टोप्या काढल्या, खुर्च्यांवरचे उठून उभे राहिले. आणि माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. देव दिसो, कुणाची अंत्ययात्रा दिसो, आपले हात विचारायला थांबतात थोडेच? डोळेही मिटले. परक्यांचा असला म्हणून काय झालं, झेंडा तो झेंडा.

बँड मध्येच थांबला. एक लांबलचक भोंगा वाजला आणि तोही थांबला. मी डोळे उघडले. ठकी नव्हती.

आधी वाटलं, माझ्या मागे असेल. मागे नव्हती. खुर्चीखाली वाकून बघितलं. मग मान वर केली. अख्खा चौक थिजला होता. लहानपणी आम्ही स्टॅच्यू खेळायचो तसा. बायका, बाप्ये, कडेवरची पोरं, आईस्क्रीमवाला, कुणी पापणीसुद्धा हलवत नव्हतं. हे असं काही असतं, हे लेकीने सांगितलंच नव्हतं. पाण्याची बाटली, टोपी, पत्ता लिहिलेला कागद, सगळं आठवलं तिला. इतक्या वर्षांत हे तिच्या इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं राहून गेलं.

"ठके," मी हाक मारली. हळूच, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये अशी.

मी माणसांमधून वाट काढायला लागले. ती बाजूलाही होत नव्हती आणि अडवतही नव्हती. एक पोलीस दिसला. मी त्याची बाही धरली, हाताने उंची दाखवली, एवढीशी मुलगी, एवढीशी. तो समोरच बघत राहिला. मला त्याचा असा संताप आला! मग त्याच्या गालावरून पाणी ओघळताना दिसलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही माणसं आपल्या मेलेल्यांसाठी उभी आहेत. बाही सोडली. लाज वाटली, खरंच वाटली. पण पोर हरवलेल्या बाईला लाज किती वेळ पुरणार?

तेवढ्यात पर्समध्ये माझा फोन कोकलायला लागला. लेकीचा. दुसरं कोण असणार? तिच्या बंद प्रयोगशाळेत भोंगा ऐकू गेला नसणार. त्या शांततेत तो लग्नाच्या बँडसारखा वाजत होता. मी पर्स उलटीपालटी केली, रुमाल पडला, गोळ्या पडल्या, फोन हाताला लागेना. लागला तेव्हा मी तो घेतला नाही, बंद केला. काय सांगणार होते? तुझी मुलगी कुठेय ते मला ठाऊक नाही, असं कुठल्या तोंडाने सांगायचं असतं?

मग मी सगळी भीडभाड सोडली आणि बसच्या दारातून मारायचे तशी हाक मारली, "ठकेऽऽ!" ती समोरच्या इमारतींवर आपटून परत आली. कुणी वळलं नाही. कुणी रागावलंही नाही. मी इकडे धावले, तिकडे धावले, कारंज्याच्या कट्ट्यावर चढले, उतरले, रडत होते ते मला नंतर कळलं.

भोंगा पुन्हा वाजला. क्षणात सगळे हलले, बँड सुरू झाला, आणि ते आधीपेक्षा वाईट होतं. आता हजार डोकी, हजार टोप्या, सगळी इकडून तिकडे. आता ती सापडणार नाही, एवढंच मनात येत राहिलं. मी कट्ट्यावर मटकन बसले.

"आजी, तुझ्या गोळ्या." ठकी समोर उभी. हातात माझी गोळ्यांची पट्टी, दुसऱ्या हातात रुमाल.

मी तिला आधी कवटाळलं आणि मग पाठीत धपाटा घातला. "कुठे होतीस?"

"ढोल बघायला पुढे गेले. मग भोंगा झाला."

"मी घसा फोडून हाका मारत होते. ऐकू नाही आल्या?"

"आल्या ना."

"मग ओ द्यायला काय झालं होतं?"

पदकवाले म्हातारे काठी टेकत आमच्याजवळ आले. ठकीने त्यांना तिथल्या भाषेत काहीतरी सांगितलं, अगदी मोठ्या बाईसारखं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हळूच हात ठेवला आणि गेले.

"काय बोललीस त्यांना?"

"सॉरी म्हटलं. आजी पाहुणी आहे, तिला माहीत नव्हतं." मग ती माझे डोळे त्या रुमालाने पुसायला लागली. "भोंग्यानंतर बोलायचं नसतं, आजी. हलायचं पण नसतं. आणि मी हरवले नव्हते. तू मला सारखी दिसत होतीस."

"एवढ्या गर्दीत?"

"हो. तू एकटीच हलत होतीस."