एका मुठीच्या मापाचा

मी एक जुना दांडा आहे, मित्रांनो. कशाचा, ते नुसते बघून तुम्हाला सांगता यायचे नाही, कारण माझ्या टोकाला आता एक पितळी पेच तेवढा उरला आहे. नेमावरच्या एका घरात, नर्मदेकडे उघडणाऱ्या खिडकीजवळच्या कोनाड्यात मी पडून असतो. घरातली मुले कधी माझी गदा करतात, कधी मला तलवार म्हणून कमरेला खोचतात. प्रत्येकजण माझ्या मुठीवर बोटे बसवून पाहतो, ती बसत नाहीत, आणि मग म्हणतो, "कित्ती वाकडा आहे हा!" ते ऐकले की मला फार वाईट वाटते. मी वाकडा का आहे ते आज तुम्हाला सांगतो.

संवत छपन्नाचा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. धारला चिंतामणराव नावाचे गृहस्थ राहत. ते संस्थानच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. पूल, विहिरी, धर्मशाळा, सारे आधी त्यांच्या कागदावर उभे राहायचे. घरात त्यांची आई होती, तिला सगळे माई म्हणत. आणि पत्नी इंदिराबाई, ज्यांच्यासाठी मी जन्मलो.

एका दिवाळीत अनारसे तळताना कढई कलंडली आणि उकळते तूप इंदिराबाईंच्या उजव्या हातावर सांडले. जखमा भरल्या, पण बोटे आत वळली ती वळलीच. वैद्यांनी सांगितले, "हात चालता ठेवा. बसवून ठेवलात तर मूठ आवळत जाईल आणि एक दिवस उघडायचीच नाही." इंदिराबाईंनी मनावर घेतले. डाव्या हाताच्या मदतीने त्या स्वयंपाक करू लागल्या, दळू लागल्या. अडत होते ते एकाच ठिकाणी. सोवळ्यातल्या तांब्याच्या घागरी आतून घासायच्या तर निमुळत्या गळ्यातून हात आत जायला हवा, आणि तो हात तर काही जात नव्हता. माईंचे गुडघे धरलेले, त्यांना विहिरीपाशी बसवत नसे. घागरी आतून हिरव्या पडू लागल्या.

माई काही वाईट नव्हत्या. पण आपल्यामागे या घरातल्या देवांचे आणि पितरांचे कोण करील, ही काळजी त्यांना पोखरत होती. एक दिवस त्या बोलून गेल्या, "चिंतामणी, दुसरी सून आणावी लागेल असं दिसतंय." इंदिराबाई तेव्हा दाराआडच होत्या. त्यांनी ते ऐकले आणि पदराखाली हात लपवला.

चिंतामणराव तिथून उठले. ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. पूल काढणारा माणूस घागर घासायचा ब्रश काढायला बसला, याचे कचेरीत हसू झाले. पण त्यांनी तो जीव ओतून काढला. लांब दांडा, त्याच्या टोकाला पेच, आणि त्या पेचावर बसतील असे सुटे कुंचे. घागरीसाठी काथ्याचा राठ कुंचा, देवांच्या उपकरण्यांसाठी वाळ्याच्या मुळ्यांचा, कंदिलाच्या काचेसाठी मऊ चिंध्यांचा. कागदावर सगळे जमले. अडले ते मुठीपाशी.

त्यांच्या आळीतला भेराजी सुतार इंदिराबाईंचा हात पाहून म्हणाला, "साब, यो हाथ तो सबसे न्यारो हे. इको माप कां से लऊं?"

चिंतामणराव विचारात पडले. मग त्यांनी अंगणातली काळी माती भिजवून तिचा गोळा केला, आणि इंदिराबाईंना म्हणाले, "हा दाबून धर. जोरानं नको, तुला सोपं वाटेल तसा." इंदिराबाईंनी तो धरला. वळलेल्या बोटांच्या तिरप्या खाचा त्या मातीत उमटल्या. तो गोळा उन्हात वाळवून भेराजीने समोर ठेवला, आणि शिसवीच्या लाकडातून खाचेला खाच मिळवत मला कोरले. बोटांत जोर नव्हता, म्हणून हाताच्या पाठीवरून वेताची एक कमान घातली. कमानीतून हात आत सरकवला की मी निसटत नसे. मित्रांनो, असा मी घडलो. जगातल्या कुठल्याही सरळ हाताला मी गैरसोयीचा आहे, आणि त्या एका हाताला इतका बेतशीर बसलो की इंदिराबाई पहिल्यांदा मला धरून रडल्याच.

घरात माझे स्वागत मात्र चौकशीनेच झाले. माईंनी कुंचे एकेक करून पाहिले. "हा देवांचा, हा घागरीचा, हा कंदिलाचा. बरं. वेगळे आहेत ते ठीक. पण दांडा एकच! कंदिलाची काजळी पुसलेला दांडा माझ्या देवांना चालायचा नाही."

चिंतामणरावांनी मला उलटसुलट करून पाहिले. नकाशात त्यांनी सोवळे-ओवळे धरलेच नव्हते. तेव्हा इंदिराबाई हळूच म्हणाल्या, "माई, माझा हातही एकच आहे ना? तो धुऊन मी सोवळ्यात येते. दांडाही धुऊन घेईन."

माईंना हसू आले. "जीभ काही भाजली नाही हो हिची," असे म्हणून त्यांनी मला देवघराजवळची खुंटी दिली. चिंतामणराव खुशीत येऊन सांगू लागले, "माई, यातली खरी गंमत ऐक. कुंचा झिजला की काढायचा, नवा बसवायचा. मूठ तीच." मी त्या वेळी अगदी फुगून गेलो होतो. या वाक्यात पुढे केवढे विष भरणार आहे, हे मला कुठून कळणार!

पुढची चार वर्षे माझ्या सुखाची होती. रोज सकाळी तो उबदार हात कमानीतून आत येई. चिंच आणि राख लावून आम्ही घागरी अशा घासत असू की आतल्या तांब्यावर सूर्य दिसावा. शेजारच्या बायका मला बघायला येत. काथ्याचे कितीतरी कुंचे आले, झिजले, चुलीत गेले. मी होतो तिथेच होतो. आणि एक गोष्ट फक्त मलाच कळत होती. इंदिराबाईंची बोटे मऊ पडत चालली होती. पहिल्या वर्षी जी करंगळी माझ्या खाचेत रुतून बसे, ती आता मोकळी हलत होती.

पण राखेने भांडे घासले जाते तसा पेचही घासला जातो. कुंचे काढता-घालता माझे आटे झिजले. कुंचा डुगडुगू लागला. इंदिराबाईंनी लगेच सांगितले, "अहो, याचा पेच ढिला झालाय. भेराजीकडे न्याल का?"

"उद्या नेतो," चिंतामणराव म्हणाले.

तो उद्या काही उजाडला नाही. त्यांना कचेरीत फुरसत नव्हती. मांडवगडच्या रस्त्यावर पुलाचे काम निघाले होते. इंदिराबाईंनी पुन्हा सांगितले, मग पुन्हा सांगितले. दर वेळी उत्तर तेच. शेवटी त्या पेचावर सुताचे वेढे देऊन कुंचा घट्ट बसवू लागल्या.

मग चिंतामणरावांच्या वडिलांचे श्राद्ध आले. ओसरीवर ब्राह्मण येऊन बसले होते. पितरांच्या पाण्यासाठी वडिलांची जुनी घागर काढली होती. ते आयुष्यभर तिच्यातलेच पाणी प्यायचे. इंदिराबाई विहिरीपाशी ओलेत्याने ती घासत होत्या. सूत भिजून सरकले आणि कुंचा सुटून घागरीत आतच पडला. त्यांनी घागर उपडी केली, हलवली, पण कुंचा गळ्याशी आडवा अडकला. आतून माईंची हाक आली, "अगं, पाणी आण! खोळंबलेत सगळे!" इंदिराबाई घाबरल्या. त्यांनी घाईने घागर उचलली, ती ओल्या हातातून सटकली आणि दगडावर आपटली. तिचा काठ चेपला आणि पोटाला चीर गेली.

माई धावत आल्या. ती घागर पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. नवऱ्याची आठवण होती ती. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हातच धड नाही, तिथं घर कसं धड राहील!"

चिंतामणराव तिथेच उभे होते. त्यांनी मला जमिनीवरून उचलले. माझ्या झिजलेल्या पेचावरून त्यांचा अंगठा फिरला आणि थांबला. मित्रांनो, त्यांना कळले. हात चुकला नव्हता, माझे आटे झिजले होते. मला वाटले, आता ते बोलतील. इंदिराबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. पण ओसरीवर माणसे होती, आई रडत होती. त्यांनी मला खुंटीला अडकवले आणि मुकाट्याने सोवळे नेसायला निघून गेले. मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडून घर डोक्यावर घेतले असते.

त्यानंतर माईंनी दुसऱ्या सुनेचा विषय सोडला नाही. चिंतामणरावांनी थोडा विरोध केला तेव्हा त्या म्हणाल्या, "झिजलं ते काढायचं आणि नवं बसवायचं, हे मला तूच शिकवलंस ना?" चिंतामणरावांनी मान खाली घातली. मुलगी देवासची ठरली. माईंनी इंदिराबाईंची समजूतही घातली. "तुला कुणी जा म्हणत नाही गं. देवासात बघ, एका गावात दोन राजे नांदतात. थोरली पाती आहे, धाकटी पाती आहे, कधी भांडण ऐकलंस?"

"देवासात दोन राजांच्या मधे रस्ता आहे, माई," इंदिराबाई म्हणाल्या. "या घरात तेवढी जागा नाही."

इंदिराबाईंना न्यायला त्यांचा भाऊ माहेराहून, नेमावरहून, गाडी घेऊन आला. जाताना त्या देवघरात नमस्काराला आल्या. माझ्या कमानीत त्यांनी एकदा हात घातला, खाचांत बोटे बसवली आणि पुन्हा काढून घेतली. मला नेले नाही. ज्या घरचा त्या घरीच राहावा, असे त्यांना वाटले असेल. ती जाणारी गाडी मला खुंटीवरून दिसली नाही, नुसती ऐकू आली.

नवी सून वासंती साधी, हसरी पोर होती. तिचे हात सरळ होते, घागरीत सहज जात. माझी गरज कुणालाच उरली नाही. मी खुंटीवरून फडताळावर गेलो आणि फडताळावरून अडगळीत. माझ्या खाचांत कोळ्यांनी घरे केली. वर्षे गेली. एका साफसफाईत मी वासंतीला सापडलो. तिने मला धरून पाहिले, बोटे बसेनात. मग तिने मला उजेडात धरले. माझ्या खाचांवरून बोटे फिरवत तिने तो हात ओळखला, जो तिने कधी पाहिला नव्हता.

"हे ताईंचं ना?" तिने चिंतामणरावांना विचारले.

"हो. पेच झिजलाय त्याचा."

"मग बसवून का नाही घेतलात?"

चिंतामणरावांनी मला तिच्या हातातून घेतले. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन भेराजीकडे गेले. भेराजी आता म्हातारा झाला होता. तांबटाकडून आणलेला नवा पेच त्याने चिंतामणराव उभे असतानाच बसवून दिला आणि म्हणाला, "घडीक को काम थो, साब. पेलां क्यूं नी लाया?"

सोमवती अमावास्येला सारा माळवा नर्मदेवर लोटतो. त्या पर्वणीला ते दोघे नेमावरला आले. देवास, खातेगाव, सारी वाट मी वासंतीच्या मांडीवर होतो. माझे अंग तेल लावून चकचकीत केले होते, नवा काथ्याचा कुंचा बसवला होता. मला वाटत होते, आता तो हात पुन्हा कमानीतून आत येईल. माझा आनंद गाडीत मावत नव्हता.

इंदिराबाई ओसरीवर बसल्या होत्या. केस पिकले होते. वासंतीने वाकून नमस्कार केला आणि मला पुढे केले. त्यांनी मला लगेच ओळखले. पदराखालचा हात बाहेर काढला.

तो हात नव्हता, मित्रांनो, नुसती मूठ होती. माहेरी भावजय फार मायेची होती. "वन्सं, तुम्ही बसा, मी करते," असे म्हणून तिने त्यांना कशालाच हात लावू दिला नाही. वैद्यांनी सांगितले होते तेच झाले. बोटे तळव्यात गच्च मिटली होती. इंदिराबाईंनी डाव्या हाताने ती एकेक करून उघडायचा प्रयत्न केला. मग ती मूठ कमानीशी टेकवली. ती आत गेली नाही.

"आता उघडत नाही हो," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे चिंतामणरावांचे तोंड उघडले. "त्या दिवशी तुझा हात चुकला नव्हता. पेच झिजला होता. मला कळलं होतं."

"मला ठाऊक होतं तुम्हाला कळलंय ते," इंदिराबाई म्हणाल्या. "तुम्ही बोलाल म्हणून तर मी तुमच्याकडे बघत होते."

त्यांनी मूठ पुन्हा पदराखाली घेतली. वासंती मात्र हुंदके देऊन रडली.

मी नेमावरलाच राहिलो. इंदिराबाई होत्या तोवर रोज संध्याकाळी डाव्या हाताने माझा पेच पुसायच्या. त्या गेल्या, काथ्याचा कुंचा उंदरांनी कुरतडला, आणि मी एकटा उरलो.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू ढिली झाली असेल तर तिला उद्यावर टाकू नका. घडीभराचे काम असते. आणि आपल्या चुकीचे बोल दुसऱ्याला लागत असतील, तर तिथल्या तिथे बोला. मागाहून बोललेले खरे असते, पण ते कुणाच्या कामाला येत नाही. माझा पेच आजही नवा आहे, एकाही कुंच्याला त्याने सोडले नसते.

तुम्ही कधी नेमावरला आलात तर मला कोनाड्यातून खुशाल काढा. गदा करा, तलवार करा. माझ्या खाचांत बोटे बसतात का, तेही बघा. फक्त मला वाकडा म्हणू नका.