मोठ्या इंजिनाचे एकोणीस दिवस

आता तुम्हीच सांगा, एकसष्ट वर्षांच्या निवृत्त टर्नरनं कॉम्प्युटरवर आकाशातली जहाजं चालवायला शिकायचं, हे काय वय झालं? बायकोनंही हेच विचारलं. पण गडी एकदा हट्टाला पेटला की पेटला.

निमित्त मुलाचं. तो दूरच्या शहरात नोकरीला, आठवड्याला एक फोन, त्यातला निम्मा "जेवलास का?" यात जायचा. त्या दिवशी मात्र तो आपणहून बोलला. चौदा वर्षं ज्या टोळीबरोबर तो हा खेळ खेळत होता, ती आता मोडणार होती. कुणाला मुलंबाळं झाली, कुणाला वेळ मिळेना. एकवीस दिवसांनी, रविवारी सकाळी, सगळे मिळून आकाशाच्या टोकापर्यंत शेवटची फेरी मारणार होते.

"मी येऊ?" टर्नर बोलून गेला.

"बाबा, तुम्ही?"

मुलगा हसला नाही, हे टर्नरच्या लक्षात राहिलं. याच खेळापायी घरात काय कमी रणं माजली होती? पोरगा मागच्या खोलीत पडद्याला डोळे लावून, आणि बाप दारात उभा राहून कडाडतोय. एकदा तर ऐन लढाईत बापानं मेन स्विचच खाली ओढला. सहा महिने खपून मिळवलेलं जहाज गेलं. पोरगा रडला नाही, भांडला नाही, नुसता बघत राहिला. ते बघणं टर्नरला इतक्या वर्षांत विसरता आलं नव्हतं. अरे, खेळतोस तरी काय, एवढं विचारायला काय जात होतं!

मुलानं फोनवरूनच त्याला खेळात भरती केलं. नाव ठेवलं 'लेथ तीन', टर्नरनं बत्तीस वर्षं चालवलेलं मशीन. या खेळात विद्या मारामाऱ्या करून मिळत नाही, ती घड्याळानं येते. काय शिकायचं ते लावायचं आणि ठरलेले दिवस जाऊ द्यायचे. नवख्याला दुप्पट वेगानं शिकवतात, तरी टोळीच्या बरोबरीनं धावायला लागणारं मोठं इंजिन यायला एकोणीस दिवस लागणार होते. ते नसेल तर टोळी पुढं जाणार आणि हा मागं राहणार.

"लावून टाका बाबा. आपोआप होईल."

टर्नरला ही रीत फार आवडली. त्याची उमेदवारी अशीच गेली होती. उस्तादांनी पहिले सहा महिने हातात फक्त कानस दिली. ते एकच सांगायचे, हातात काम मुरायला वेळ लागतो. घड्याळाकडे कुणी पाहिलं की डोक्यात टपली! कटिंग ऑइलचा तो वास, पितळेचा गरम चुरा, दहाच्या चहाची घंटा... काय दिवस होते ते!

मग काय, दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुरू. आठ वाजता स्वारी मुलाच्या खोलीत, त्याच्याच खुर्चीवर. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ दिसायचा, त्यावर यानं पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. आठ तास भरले की शिकणं थांबवायचं बटण दाबायचं आणि उठायचं. मशीन चालू ठेवून जागा सोडायची नाही, हा जन्माचा नियम. असे वीस दिवस भरले. एक जास्तीचाच!

रविवारी सकाळी कानाला हेडफोन लावले. चाळीस जणांचा नुसता कलकलाट.

"बाबा, मोठं इंजिन चालू करा."

होईना. पुन्हा दाबलं. नाहीच. टर्नरनं पुठ्ठा काढला. बारा दिवस, आठ तास बाकी.

"असं कसं? मी रोज आठ तास पुरे बसलोय. उठताना आठवणीनं बंद करत होतो."

"बंद? बाबा, ते रात्रंदिवस आपलं आपण चालतं. बसायचं नसतं."

कुणीतरी फिसकन हसलं. टर्नरचे कान तापले. बत्तीस वर्षं लेथवर एकही जॉब वाया घालवला नव्हता, आणि आज हे. "तुम्ही निघा रे," तो म्हणाला. "माझं काय, मी इथून बघतो."

मुलानं विचारलं, "कुठं बसायचात? माझ्या खोलीत?"

"तुझ्याच खुर्चीवर. पाठ दुखते रे तिच्यात. तू कसा बसायचास?"

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. मग मुलगा बोलला ते सगळ्यांना.

"ऐका रे. माझे वडील आलेत. सगळ्यांनी मोठी इंजिनं बंद करा."

"अरे, दोन तासांचा रस्ता आहे, त्याला दिवस लागेल!" कुणीतरी म्हणालं.

"लागू दे. बाबा, तुम्ही पुढं व्हा."

एकेक करून इंजिनं बंद झाली. टर्नरला पडदा नीट दिसेना, त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि आपलं छोटं जहाज हाकलं. चौदा वर्षांची मुरलेली चाळीस जहाजं त्याच्या मागून, त्याच्या चालीनं निघाली.