पुढचाच भाग

भागिरथेला झटके यायचे. उभ्याउभ्या ती धाडकन कोसळायची. कपाळ फुटायचं, एकदा तर चुलीत हात भाजला. तिचा नवरा जगदेव कामरगावच्या टपाल कचेरीत होता. जेवतानाही त्याचं लक्ष तिच्या पायांकडेच असायचं. १९७८ साली गोळ्यांचा काहीच उपयोग होईना, तेव्हा तो तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या सर्जननी समजावून सांगितलं. मेंदूचे दोन भाग मधल्या जाड पट्ट्यानं जोडलेले असतात आणि झटका त्यावरूनच पलीकडे पसरतो. पट्टा पूर्ण कापला तर पडणं थांबायची आशा जास्त. पण डाव्या हातातली वस्तू न बघता तिचं नाव सांगता येणार नाही, कधी एका हातानं लावलेलं बटण दुसरा काढेल. फक्त पुढचा भाग कापला तर हा त्रास बहुधा टळतो, मात्र झटके उरू शकतात. मग राहिलेला भाग कापायला पुन्हा यावं लागेल.

जगदेव व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. पूर्णच कापून टाकू, दोनदा डोकं कायले उघडायचं, असं त्याचं म्हणणं.

"डोकं माह्यं हाये," भागिरथा म्हणाली. "दोन्ही हात मले एकाच घरातले पायजेत. पुढचंच कापा म्हणा."

ऑपरेशननंतर ती काही दिवस बोललीच नाही. डावा पायही ओढत होती. असं होतं, हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर सांगत. जगदेवला ते पटेना. तो बसायचा, उठायचा, नर्सला पुन्हा तेच विचारायचा. एका सकाळी भागिरथेनं कप बाजूला सारला.

"चहा थंडा देऊन राह्यले हे लोक."

तो तोंड फिरवून रडला.

गावी आल्यावर पडणं पुष्कळ कमी झालं, पण अधूनमधून हाताला झटका यायचाच. भांडं वाजलं की जगदेव दचकून उठायचा. उरलेलंही कापून घेऊ, म्हणून तो मागे लागला.

"सुटका तुमाले पायजे का मले?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पाणी आणायला हापशीवर निघाली. तो कोपऱ्यापर्यंत मागोमाग गेला. तिनं त्याला कचेरीत पिटाळलं. शिक्के मारताना त्याचे कान रस्त्याकडेच होते.

दुपारी तो घाईनं घरी आला. ती अंगणात डाळ पाखडत होती.

"आज एक झटका आला होता," ती म्हणाली. "बसून घेतलं म्या."